कोरी सोडलेली जागा

फोन नव्हता, टीव्ही नव्हता, त्या काळातही माणसाचं मन एका जागी ठरत नव्हतं. तेराव्या शतकातल्या मुलतानची एक गोष्ट आहे. तिथले थोर सूफी शेख बहाउद्दीन झकरिया यांचे एक मुरीद, म्हणजे शिष्य होते. त्यांचं नाव हसन अफगाण. लिहिणं-वाचणं त्यांना येत नव्हतं. एकदा रस्त्यानं जाताना ते एका मशिदीत नमाजाला उभे राहिले. नमाज संपली, लोक पांगले. मग ते हळूच इमामाजवळ गेले आणि त्यांनी सांगितलं, की तुम्ही नमाज सुरू केलीत आणि मीही तुमच्यामागे निघालो. तुम्ही इथून दिल्लीला गेलात, तिथं गुलाम विकत घेतलेत, परत आलात, मग त्या गुलामांना घेऊन खुरासानकडे निघालात. तुमच्यामागून हिंडता हिंडता माझा जीव मेटाकुटीला आला. याला नमाज म्हणायचं का?

ओठांवर कुराणाच्या आयती होत्या आणि मन गुलामांच्या बाजारात भाव करत होतं. आपण आज म्हणतो, की जग फार धावपळीचं झालं, मन लागत नाही, देवाधर्माचा गाभा हाती लागत नाही. तक्रार खरी आहे, पण ती आपल्या पिढीची मक्तेदारी नव्हे. म्हणूनच ज्यांनी आपल्या काळातल्या गोंगाटात राहून हा गाभा शोधला, त्यांनी तो कसा शोधला, हे इतिहासात पाहणं उपयोगाचं ठरतं. इमामाची ही गोष्ट ज्या पुस्तकातून आपल्यापर्यंत आली, त्या पुस्तकाविषयी आणि ते लिहिणाऱ्या एका कवीविषयी आज मला बोलायचं आहे. पुस्तक दिल्लीत लिहिलं गेलं. लिहिणारा कवी मात्र आपल्या मराठवाड्यात, खुलताबादला चिरनिद्रा घेतो आहे.

पुस्तकाचं नाव ‘फवायदुल फुआद’. मराठीत सांगायचं तर, हृदयाला लाभलेल्या गोष्टी. भाषा फारसी. दिल्लीचे हजरत निजामुद्दीन औलिया यांच्या बैठकींतली ही संभाषणं आहेत. सूफी परंपरेत गुरूच्या अशा बोलांच्या संग्रहाला मलफूजात म्हणतात. हा संग्रह करणारे होते अमीर हसन सिज्जी. अमीर खुसरोचे ते समकालीन आणि स्नेही. दोघांनी तरुणपणी मुलतानला सुलतान बल्बनचा मुलगा शाहजादा मुहम्मद याच्या पदरी नोकरी केली. १२८५ साली मोगलांशी, म्हणजे मंगोल टोळ्यांशी लढताना तो शाहजादा मारला गेला आणि ही मैफल उधळली. पुढं दोघंही दिल्लीत अलाउद्दीन खलजीच्या दरबारी आले. हसनच्या गझला इतक्या गोड, की लोक त्याला हिंदुस्थानचा सादी म्हणत.

त्या वेळची दिल्ली डोळ्यांसमोर आणा. १२९६ साली अलाउद्दीननं आपल्या देवगिरीवर धाड घातली आणि इथल्या यादवांचं सोनं दिल्लीला गेलं. त्याच वर्षी तो सुलतान झाला. मग मोहिमांमागून मोहिमा झाल्या, मंगोलांचे हल्ले झाले, १३०३ साली तर दिल्लीलाच वेढा पडला. लष्कर पोसता यावं म्हणून सुलतानानं धान्यापासून कापडापर्यंत आणि घोड्यांपासून गुलामांपर्यंत सगळ्यांचे भाव बांधून दिले. बाजारावर देखरेख करणारे अधिकारी होते, हेर होते. पैसा, हुद्दा, जहागीर, दरबारातली चढाओढ, कालचा मोठा माणूस आज तुरुंगात. अशा शहरात हसन नोकरी करत होता. तो लष्करात होता, सुलतानाच्या स्तुतीच्या कविता लिहीत होता, पगाराची वाट पाहत होता. संसारी, दरबारी, मैफलींत रमणारा माणूस.

या माणसानं २८ जानेवारी १३०८ रोजी एक काम सुरू केलं. हिजरी सन ७०७, शाबान महिन्याची तीन तारीख. तो दिवस रविवारचा होता. त्या दिवशी निजामुद्दीन औलियांच्या बैठकीत जे ऐकलं, ते त्यानं घरी येऊन लिहून ठेवलं. हसनचा जन्म सुमारे १२५४चा. म्हणजे हे काम हाती घेतलं तेव्हा त्यानं पन्नाशी ओलांडली होती. नाव झालेलं, सवयी पक्क्या झालेल्या, आयुष्याला एक वळण पडून गेलेलं. या वयात माणूस सहसा दुसऱ्याला चार गोष्टी सांगू लागतो. हसन ऐकायला बसला.

पहिल्या दिवशीचा विषयही पाहण्यासारखा आहे. ज्यानं कधी पाप केलंच नाही तो श्रेष्ठ, की पाप करून जो पश्चात्तापानं माघारी फिरला तो? शेखसाहेबांनी माघारी फिरलेल्याला कमी लेखलं नाही. ज्यानं खरी तौबा केली, तो पाप न केलेल्याच्या बरोबरीचा आहे, असं त्यांचं प्रतिपादन होतं. समोर बसलेल्या प्रौढ दरबारी कवीला दार उघडं आहे असं सांगण्याची ही रीत होती. नाव न घेता, बोट न दाखवता.

हे काम १३२२ सालापर्यंत चाललं. १४-१५ वर्षांत १८८ मजलिसी, म्हणजे बैठका नोंदवल्या गेल्या. हिशेब केला तर वर्षाला सरासरी बारा-तेरा, महिन्याला एक. मला हा आकडा फार बोलका वाटतो. हसननं घरदार सोडलं नाही, नोकरी सोडली नाही. लष्कराबरोबर जावं लागलं की महिनोन्महिने खंड पडे. परत आला की तो पुन्हा येऊन बसे. या काळात दिल्लीच्या तख्तावर अलाउद्दीन होता, तो १३१६ साली गेला. मग त्याचा मुलगा कुत्बुद्दीन मुबारक शाह आला, तो १३२० साली मारला गेला. मारणारा खुसरो खान काही महिने बसला आणि त्यालाही उलथून गियासुद्दीन तुघलक आला. या उलथापालथींचा गाजावाजा पुस्तकात नाही. तिथं तारीख येते, शेखसाहेबांच्या पायाशी पोहोचल्याचा उल्लेख येतो आणि बोलणं सुरू होतं. कुणी खेड्यातून आलेला असतो, कुणी दुखणं घेऊन आलेला असतो, कुणी भाकरी घेऊन येतो, कुणी भांडण.

आता या पुस्तकातली माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. पहिलं वर्षभर हसननं आपण लिहितो आहोत हे शेखसाहेबांना सांगितलं नव्हतं. वर्षभरानंतर त्यानं धीर करून ते उघड केलं. शेखसाहेब रागावले नाहीत. त्यांनाही आपले दिवस आठवले. तेही तरुणपणी आपल्या गुरूंच्या, अजोधनच्या बाबा फरीद यांच्या दरबारी जात, तेव्हा ऐकलेलं परत आल्यावर टिपून ठेवत. त्यांना कुणीतरी कोऱ्या कागदांची बांधलेली वही दिली होती, तीही त्यांच्या आठवणीत होती. मग त्यांनी हसनचे कागद मागून घेतले आणि वाचले. चांगलं लिहिलंस, असं म्हणून कौतुक केलं. वाचताना त्यांना एक-दोन ठिकाणी कोरी जागा सोडलेली दिसली. ती का सोडली, असं त्यांनी विचारलं. हसननं सांगितलं, की तिथलं पुढचं बोलणं मला नीट आठवलं नाही. तेव्हा शेखसाहेबांनी ते बोलणं पुन्हा सांगितलं आणि ती जागा भरली गेली.

श्रोतेहो, हसन साधा कारकून नव्हता. तो आपल्या काळातला पहिल्या फळीतला कवी होता. त्या कोऱ्या जागेत शोभेल असं एखादं वाक्य घालणं त्याच्या हातचा मळ होता. वाचणाऱ्याला पत्ता लागला नसता. उलट, मूळ बोलण्यापेक्षा ते जास्त सुंदर झालं असतं. तरी त्यानं जागा कोरी ठेवली. कवितेच्या धंद्यातल्या माणसाला यातलं मोल चटकन कळेल. शब्द सुचत असताना थांबणं फार कठीण असतं. आपल्याला सुचलेलं आणि आपण ऐकलेलं यांतली सीमारेषा त्यानं पुसू दिली नाही. मला वाटतं, त्या बैठकीत बसून तो जे शिकला, त्याची पहिली खूण ही कोरी जागा आहे.

पण नुसतं ऐकून काय होतं, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर याच पुस्तकात हसनच्या वागण्यातून मिळतं. एकदा त्याचा पगार अडकला. तो काळजीत होता. शेखसाहेबांनी त्याला एका ब्राह्मणाची गोष्ट सांगितली. हा ब्राह्मण श्रीमंत होता. शहराच्या अधिकाऱ्यानं त्याची सगळी मालमत्ता काढून घेतली. तो दारिद्र्यात दिवस काढत असताना एक ओळखीचा भेटला आणि कसं काय चाललंय, असं विचारता झाला. ब्राह्मण म्हणाला, उत्तम. ओळखीचा चकित झाला. सगळं तर गेलं, मग उत्तम कसं? तेव्हा ब्राह्मणानं उत्तर दिलं, की माझं जानवं माझ्यापाशी आहे. गोष्ट सांगून झाल्यावर शेखसाहेबांनी हसनला तिचा रोख कळला का, म्हणून विचारलं. हसनला तो कळला. पगार थांबला म्हणून आपल्यापाशी जे मुळात आहे ते गेलेलं नाही.

मुसलमान पीर आपल्या मुसलमान मुरीदाची समजूत घालायला जानव्याचा दाखला देतात, हे मला सहज वाटतं आणि थोरही वाटतं. त्या दाखल्यात कुठं उपहास नाही, वाद नाही. निष्ठा ही निष्ठा असते, ती ज्याच्यापाशी आहे त्याच्याकडून शिकावी, इतकाच सरळ हिशेब आहे.

दुसरा प्रसंग तर थेट आपल्या देवगिरीचा आहे. हसनचा मलीह नावाचा एक गुलाम होता. शेखसाहेबांशी नातं जुळल्यावर हसननं त्याला मुक्त केलं होतं, पण तो हसनच्या सोबतच राहत असे. लष्कर देवगिरीला असताना या मलीहनं पाच टंक्यांना एक लहान मुलगी विकत घेतली. युद्धात हरलेल्या मुलखात माणसं अशी विकली जात. लष्कर दिल्लीला परत निघायची वेळ आली, तेव्हा त्या मुलीचे आई-बाप रडत आले. त्यांनी कुठून तरी दहा टंके गोळा करून आणले होते आणि आमची लेक परत द्या म्हणून ते विनवणी करत होते. हसनला ते पाहवलं नाही. त्यानं आपल्याजवळचे दहा टंके मलीहला देऊन मुलगी घेतली, ती आई-बापांच्या हवाली केली आणि त्यांचे दहा टंकेही त्यांना परत दिले. पुढं हे त्यानं शेखसाहेबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी चांगलं केलंस म्हणून पावती दिली.

त्या मुलीचं नाव इतिहासाला ठाऊक नाही. तिचे आई-बाप कुठल्या भाषेत रडले असतील, हे मात्र आपण सांगू शकतो. निजामुद्दीन औलिया सांगत, की उपासना दोन तऱ्हेची असते. एक, जिचा लाभ करणाऱ्यापुरता राहतो, म्हणजे नमाज, रोजा, हज, जप. दुसरी, जिचा लाभ दुसऱ्याला पोहोचतो. या दुसरीच्या पुण्याला मोजमाप नाही. हसननं हे वचन लिहून घेतलं होतं आणि देवगिरीच्या छावणीत ते पाळलं. मुलतानच्या त्या इमामाचं मन नमाजात असताना गुलामांच्या बाजारात गेलं होतं. हसन प्रत्यक्ष त्या बाजारात उभा होता आणि त्याचं मन ठिकाणावर होतं. लक्ष लागणं म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या मला करता येणार नाही.

म्हणून ‘संसार सोडल्याशिवाय परमार्थ नाही’ या समजुतीकडेही जरा पाहू. खुद्द निजामुद्दीन औलियांना दिल्लीची गर्दी नकोशी झाली होती. शहरात चित्त लागत नाही म्हणून ते यमुनाकाठच्या गियासपूर या आडबाजूच्या खेड्यात राहायला गेले. पुढं सुलतान कैकुबादनं जवळच किलोखरीला आपलं राजधानीचं ठाणं केलं आणि सरदार-दरकदारांची वर्दळ गियासपूरपर्यंत पोहोचली. शेखसाहेबांनी तिथूनही निघायचा विचार केला. त्याच दिवशी अस्रच्या नमाजाच्या वेळी एक कृश, देखणा तरुण आला. त्यानं त्यांना जे ऐकवलं त्याचा मथितार्थ असा : आधी प्रसिद्ध होऊच नये; एकदा झालात, तर कयामतच्या दिवशी पैगंबरांसमोर मान खाली घालावी लागणार नाही असं वागावं. लोकांपासून दूर जाऊन देवाकडे लक्ष लावण्यात कसली मर्दुमकी? लोकांत राहून लक्ष त्याच्याकडे असावं. शेखसाहेबांनी त्याच्यापुढे जेवण ठेवलं, त्यानं ते घेतलं नाही. इथंच राहीन, असा निश्चय त्यांनी मनाशी केला, तेव्हा तो थोडं पाणी प्यायला आणि निघून गेला. पुन्हा कधी दिसला नाही.

शेखसाहेब गियासपूरलाच राहिले. त्यांच्या खानकाहचं दार सगळ्यांना उघडं होतं. आलेलं दान साठवायचं नाही, वाटून टाकायचं, असा दंडक होता. स्वतः ते बहुधा रोजे धरत, आणि पहाटे सहरीचं अन्न समोर आलं तरी मशिदींच्या कोपऱ्यांत आणि दुकानांच्या फळ्यांवर उपाशी निजलेल्या माणसांच्या आठवणीनं त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. गरीब माणसाला जो मुक्त प्रवेश होता, तो सुलतानाला नव्हता. सुलतान एका दारानं आत आले तर मी दुसऱ्या दारानं बाहेर पडेन, घराला दारं दोन आहेत, असा निरोप त्यांनी धाडल्याचं परंपरा सांगते. गर्दी नको असं त्यांचं म्हणणं नव्हतं. कुणासाठी उठायचं आणि कुणासाठी बसून राहायचं, एवढं त्यांनी ठरवलेलं होतं.

मात्र जिथं खरं नाणं असतं, तिथं खोटंही येतं. त्या काळाचा इतिहासकार जियाउद्दीन बरनी हा हसन आणि खुसरो यांचा मित्र. १३५७ साली पुऱ्या झालेल्या त्याच्या ‘तारीखे फिरोजशाही’त दिल्लीवरच्या या प्रभावाचं रसाळ वर्णन आहे. शहरापासून गियासपूरपर्यंत वाटेवर भाविकांनी ओटे बांधले होते, छप्परं घातली होती, पाण्याचे रांजण भरून ठेवले होते. पुस्तकविक्रेत्यांकडे लोक सूफी तत्त्वज्ञानाची पुस्तकं मागू लागले. त्यांत इमाम गजालींची ‘इह्या’ होती आणि आपल्या हसनची ‘फवायदुल फुआद’ही होती. सूफींच्या मागणीमुळे वजूचे तांबे आणि चामड्याची पात्रं महाग झाली, असंही बरनी नोंदवतो. ज्या शहरात सुलतानानं जिनसांचे भाव बांधून दिले होते, तिथं भक्तीच्या साहित्याचे भाव वर गेले! आज योगाची चटई आणि ध्यानाचं शिबीर यांचे भाव पाहून आपण हसतो. ते हसू सातशे वर्षांचं जुनं आहे.

भांडी महाग झाली तर फारसं बिघडत नाही. शब्द खोटे झाले तर बिघडतं. एकदा एका माणसानं शेखसाहेबांना सांगितलं, की तुम्ही लिहिलेलं एक पुस्तक मला अवधकडे कुणी दाखवलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की मी कुठलंही पुस्तक लिहिलेलं नाही. म्हणजे त्यांच्या हयातीतच त्यांच्या नावावर मजकूर फिरू लागला होता. पुढं तर आधीच्या चिश्ती संतांच्या नावावर मलफूजातचे संग्रहच्या संग्रह निघाले आणि शतकानुशतकं श्रद्धेनं वाचले गेले. अलीगढचे प्रा. मोहम्मद हबीब यांनी १९५० साली एका गाजलेल्या निबंधात त्यांची छाननी केली. तारखा जुळत नाहीत, एकमेकांना कधीच न भेटलेली माणसं एका बैठकीत येतात, चमत्कारांची रेलचेल आहे, हे दाखवून त्यांनी हे संग्रह बनावट ठरवले. त्या छाननीत कसोटीचा दगड म्हणून जे पुस्तक उपयोगी पडलं, ते हसनचं. कारण हसनच्या पुस्तकात तारखा आहेत, माणसं आहेत, विस्मरणाची कबुली आहे. कोरी जागा सोडणाऱ्यावर विश्वास ठेवता येतो.

३ एप्रिल १३२५ रोजी निजामुद्दीन औलिया गेले. त्याच वर्षी खुसरोही गेला. दोन वर्षांनी, १३२७ साली, मुहम्मद तुघलकानं देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन दुसरी राजधानी केली आणि दिल्लीतल्या मातब्बर मंडळींना, विद्वानांना, सूफींना दख्खनची वाट धरावी लागली. सत्तरी ओलांडलेला हसन त्यांत होता. एके काळी ज्या मुलखात तो लष्कराबरोबर आला होता, तिथंच आता तो कायमचा राहायला आला. निजामुद्दीन औलियांचे खलिफा बुरहानुद्दीन गरीब हेही इथं आले आणि त्यांच्याभोवती नवी बैठक जमली. हसनचा आदर्श समोर ठेवून इथल्या काशानी घराण्यातल्या भावांनी बुरहानुद्दीन यांची संभाषणं टिपायला सुरुवात केली. रुकनुद्दीन यांचं ‘नफाइसुल अनफास’ आणि हम्माद यांचं ‘अहसनुल अकवाल’ ही पुस्तकं अशी दौलताबादच्या मातीत लिहिली गेली. १३३७ साली बुरहानुद्दीन गेले. हसनचा शेवटही त्याच सुमाराचा. अठराव्या शतकात अरबी आणि फारसीचे मोठे कवी आझाद बिलग्रामी औरंगाबादेत राहत होते. खुलताबादच्या संतांवर ‘रौजतुल औलिया’ हे पुस्तक लिहिणाऱ्या या कवीनं आपल्या कबरीसाठी जागा निवडली ती हसनच्या शेजारची. १७८६ साली तेही तिथंच विसावले.

मराठीत लिहिणारा मुसलमान म्हणून खुलताबाद-वेरूळचा हा परिसर मला आणखी एका कारणानं जवळचा आहे. हसननं दिल्लीत लेखणी उचलली, त्याच्या दोन-तीन दशकं आधी आपल्याकडे ‘लीळाचरित्र’ लिहिलं गेलं होतं. चक्रधरस्वामींचा मुक्काम या वेरूळलाही होता. स्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी रिद्धपूरला नागदेवाचार्यांच्या साह्यानं आणि इतर अनुयायांना विचारून विचारून त्यांच्या आठवणी एकत्र केल्या. कुणाच्या आठवणीत फरक पडला, तर तो फरकही नोंदवला. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ अशा निष्ठेनं ऐकण्यातून जन्मला. म्हाइंभटांना हसन ठाऊक असण्याचं कारण नाही, हसनला म्हाइंभट ठाऊक असण्याचं कारण नाही. दोघांचे पंथ निराळे, भाषा निराळ्या. पण सत्पुरुषाचे शब्द आपल्या शब्दांनी झाकोळू द्यायचे नाहीत, ही शिस्त दोघांची एकच. माझ्या घरात हे दोन्ही वारसे एका फळीवर नांदतात आणि त्यांचं कधी भांडण झालेलं नाही.

२०२५ सालच्या मार्च महिन्यात खुलताबादचं नाव देशभर गाजलं, ते औरंगजेबाच्या कबरीवरून. रस्त्यावर आणि पडद्यावर दिवस-दिवस त्यावर आवाज चढत होते. त्याच गावात, हिंदुस्थानचा सादी म्हणवला गेलेला, देवगिरीची एक लेक तिच्या आई-बापांना परत करणारा कवी निजला आहे, हे त्या गदारोळात मला कुठं ऐकू आलं नाही. गावाची ओळख बादशहावरून करायची की ऐकणाऱ्यावरून, हा आपल्या निवडीचा प्रश्न आहे. संत कुणाचा, यावर आपण घसा कोरडा करतो. तो काय म्हणाला, हे ऐकायला मग दम उरत नाही.

रोज सकाळी आपल्या फोनवर सुविचार येऊन पडतात. खाली कधी रूमींचं नाव असतं, कधी कबीरांचं, कधी तुकोबांचं. त्यांतले कितीतरी त्या संतांनी कधी उच्चारलेले नसतात. आपण ते अर्धे वाचतो आणि दहा जणांना पुढं पाठवतो. पाठवल्यावर बरं वाटतं, जणू काही साधना झाली. कोऱ्या जागेची भीती वाटते म्हणून आपण ती मिळेल त्या मजकुरानं भरत सुटलो आहोत. प्रवासात दोन मिनिटं रिकामी मिळाली तर ती भरायची, मनात प्रश्न उभा राहिला की उत्तर येईपर्यंत धीर धरायचा नाही, घरातला म्हातारा माणूस बोलता बोलता थांबला तर त्याचं वाक्य आपणच पुरं करायचं.

हसनची वाट अवघड नाही. त्यानं नोकरी सोडली नाही, गाव सोडलं नाही, महिन्यातून सरासरी एक दिवस काढला. ज्याच्या शब्दावर आपला विश्वास आहे अशा एका माणसासमोर तो बसला, ऐकलं तेवढंच लिहिलं, आठवलं नाही तिथं जागा सोडली आणि पुन्हा जाऊन विचारलं. ऐकलेलं खरं की खोटं, याचा पडताळा त्याला समाधीत नाही, छावणीत मिळाला. एक पोर रडणाऱ्या आई-बापांच्या हातात परत गेली. पंधरा वर्षांच्या ऐकण्याचं मोल यापेक्षा आणखी काय मोजायचं? पन्नाशीनंतरही हे सुरू करता येतं, हा माझ्यासारख्यांना त्याचा खास दिलासा आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)